दोन नंबरचा

जुने व्हिडिओ गेम जमवणारी मंडळी मोठी चोखंदळ असतात. कंट्रोलर हातात दिला की आधी उलटा करून स्क्रू बघतात, मग बटणांचा रंग, मग पट्टीवरच्या अक्षरांची जाडी, आणि शेवटी ‘ओरिजिनल नाही हा’ असं सांगून परत देतात. अशाच एका गृहस्थांनी माझा रिमोट (कंट्रोलरला आम्ही रिमोटच म्हणायचो) मेलेला उंदीर उचलावा तसा दोन बोटांत धरला आणि म्हणाले, “मॅडम, याच्यावर कशाला वेळ घालवता? अस्सल जपानी पीस मिळतात आता ऑनलाइन.”

मिळतात, मला माहीत आहे. प्रश्न असा की त्या अस्सल जपानी पीसशी माझी ओळख काय? आमच्या घरात आला तो बाबांनी मुंबईच्या मनीष मार्केटातून आणलेला. नव्वदच्या दशकात मध्यमवर्गीय घरांत जे ‘व्हिडिओ गेम’ होते, ते बहुतेक याच कुळातले. माल तैवान-चीनकडचा, आत निन्टेंडो या जपानी कंपनीच्या फॅमिकॉम नावाच्या गेम मशीनची नक्कल, वर पिवळी कॅसेट आणि कॅसेटवर ‘९९९९९९९ इन १’ असा धडधडीत खोटा आकडा. प्रत्यक्षात तेच ते गेम नावं बदलून पुन्हा पुन्हा यायचे. त्यात काही गैर आहे असं आम्हांला कधी वाटलं नाही. अस्सल फॅमिकॉम आमच्या अख्ख्या सोसायटीत कुणी डोळ्यांनी पाहिला नव्हता. त्यामुळे आमच्यापुरता हाच अस्सल.

खरा फॅमिकॉम जपानमध्ये १५ जुलै १९८३ ला आला. किंमत १४,८०० येन. निन्टेंडोचे इंजिनिअर मासायुकी उएमुरा यांच्या देखरेखीखाली तो घडला. दोन्ही कंट्रोलर मशीनलाच कायमचे जोडलेले, म्हणजे कंट्रोलरची तार तुटली की मशीन उघडा. पहिल्या मालात ए आणि बी ही बटणं चौकोनी रबराची होती. ती झिजून अडकायला लागली, तेव्हा नंतर गोल प्लास्टिकची आली. दिशांचं अधिकच्या चिन्हासारखं बटण निन्टेंडोच्याच गुनपेई योकोई यांचं. ते त्याच्या आदल्या वर्षीच, १९८२ मध्ये, डाँकी काँगच्या खिशातल्या गेमवर आलं होतं. आणि एक गंमत, जी मला फार उशिरा कळली: खऱ्या फॅमिकॉमच्याही दुसऱ्या कंट्रोलरला स्टार्ट आणि सिलेक्ट ही बटणं नव्हती. त्यांच्या बदल्यात तिथे छोटा माइक दिलेला होता.

नक्कल करणाऱ्यांनी माइक गाळला आणि त्या जागी काहीच दिलं नाही. टर्बोची, म्हणजे धरून ठेवली की आपोआप भराभर दाबली जाणारी, दोन बटणं मात्र फुकटात दिली.

आता घरात दादा मोठा, म्हणून एक नंबरचा रिमोट दादाचा. दोन नंबरचा माझा. ही वाटणी कुणी केली नव्हती, ती होतीच. स्टार्ट आणि सिलेक्ट त्याच्याच रिमोटवर, म्हणून गेम सुरू कधी करायचा, एकट्याने खेळायचं की दोघांनी, थांबायचं कधी, सगळे हक्क एक नंबरकडे. पाणी प्यायला उठायचं तरी “दादा, पॉज कर ना” म्हणावं लागायचं. तो म्हणायचा, “थांब, एवढं होऊ दे.” एवढं कधी होतच नसे. मी मरायचे, आणि मग तो पॉज करायचा.

या अन्यायाचा एक फायदा झाला. एक नंबर वापरून वापरून कधीच कचऱ्यात गेला, दोन नंबर टिकला. जुनं घर रिकामं करताना माळ्यावरून मशीन निघालं, त्याबरोबर हाही निघाला. मशीन लावल्याबरोबर सुरू झालं. रिमोट मात्र ठार.

इलेक्ट्रॉनिक वस्तू बंद पडली की पहिला संशय तारेवर घ्यायचा. रिमोटची तार जिथे कव्हरमधून बाहेर पडते तिथे ती रोज वाकते, आणि तुटते तीही तिथेच, वरचं प्लास्टिक शाबूत ठेवून. पाच तारा असतात: ५ व्होल्ट, ग्राउंड, लॅच, क्लॉक आणि डेटा. नकलेच्या मालात रंगांवर विश्वास ठेवायचा नाही. लाल म्हणजे ५ व्होल्ट असा कायदा या कारखान्यांना कुणी शिकवला नव्हता. मल्टिमीटर बझरवर (तार अखंड असली की वाजतो) लावून एकेक तार नऊ पिनांच्या कनेक्टरपासून बोर्डापर्यंत तपासली. पाचही वाजल्या. म्हणजे दुखणं आत.

स्क्रू काढून मागचं कव्हर उचललं आणि तपकिरी बोर्ड समोर आला. हा बोर्ड कागद आणि रेझिनचा असतो, स्वस्तातला; सोल्डरिंगची उष्णता जरा जास्त झाली की तांब्याची रेघ सालीसारखी सुटून येते. बोर्डाच्या मधोमध डांबरासारखा काळा एक थेंब. त्याच्याखाली चिप असते, उघडीवाघडी, पाय नसलेली, बोर्डालाच चिकटवलेली आणि वरून इपॉक्सीने झाकलेली. खऱ्या कंट्रोलरमध्ये इथे सोळा पायांची ४०२१ नावाची आयसी बसते. थेंब म्हणजे तिचा गरीब चुलतभाऊ. तो बिघडला की दुरुस्ती नाही. त्याला काढून दुसरा लावायलाही जागा नाही.

पण मी थांबले ती थेंबापाशी नाही. प्रत्येक बटणाखाली बोर्डावर कार्बनचे दोन काळे कंगवे छापलेले असतात, दात एकमेकांत गुंतलेले पण न टेकणारे. बटण दाबलं की रबराच्या पडद्याखालची काळी गोळी त्या दोन कंगव्यांवर टेकते आणि सर्किट पूर्ण होतं. टीव्हीचा रिमोट, कॅल्क्युलेटर, सगळीकडे हेच. मी कंगवे मोजत गेले. दिशांचे चार. ए, बी. टर्बोचे दोन. आणि मधे, रिकाम्या कव्हरखाली, आणखी दोन. त्यांच्यापासून निघालेल्या रेघा सरळ थेंबात शिरत होत्या.

स्टार्ट आणि सिलेक्ट होते! पहिल्या दिवसापासून होते. कारखान्यात दोन्ही रिमोटांना बोर्ड एकच, वेगळं होतं ते फक्त वरचं कव्हर आणि रबराचा पडदा. माझ्या कव्हरला भोक नव्हतं, एवढंच. दादाला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. त्याचं उत्तर: “बरं झालं तेव्हा माहीत नव्हतं तुला.”

थेंब मेलाय की नाही हे नक्की करायला एक सोपी युक्ती आहे. मशीन रिमोटशी फार थोडं बोलतं. लॅचच्या तारेवर एक टिचकी मारली की आठही बटणांची त्या क्षणाची स्थिती चिप टिपून घेते. मग क्लॉकच्या प्रत्येक टिचकीला एकेक उत्तर डेटाच्या तारेवर येतं, ठरलेल्या क्रमाने: ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावं, उजवं. आठ बटणांना आठ तारा न ओढता पाचांत भागतं, ते यामुळे. मशीन हे सगळं सेकंदाला पन्नास वेळा विचारतं, कारण आपले टीव्ही सेकंदाला पन्नास वेळा चित्र रंगवणारे. पण चिपला घाई नसते. तुम्ही क्लॉक कितीही सावकाश द्या, ती वाट बघते. म्हणून मी एका आर्डुइनोवरून (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड) सेकंदाला एक टिचकी दिली, डेटावर एलईडी लावला आणि बटण दाबून बसले. ए दाबा, बी दाबा, एलईडी आपला ढिम्म. थेंबाचा निकाल लागला.

आता खरा प्रश्न. थेंब मेला, मग दुसऱ्या कुठल्या तरी मोडक्या रिमोटातला जिवंत बोर्ड काढून यात बसवायचा, की अख्खी चिपच नवी द्यायची? बोर्ड बदलला तर दुरुस्ती झाली म्हणता येईल. चिप बदलली तर ते मॉडिफिकेशन. जमवणाऱ्यांच्या जगात या दोन गोष्टींमध्ये मोठी दरी आहे. पहिलीला मान, दुसरीला नाक मुरडणं. मला ती दरी पटत नाही. हा बोर्ड, हेच कंगवे, ही गोळी माझ्या अंगठ्याखाली होती. ती तशीच राहिली पाहिजे. थेंबाला तर मी कधी भेटलेही नव्हते.

पुण्यातल्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, गेले. काउंटरवरच्या काकांना म्हटलं, “फोर झिरो टू वन आहे का?” वर न बघता म्हणाले, “सीडी सिरीज ना? एक देऊ की दहा?” चहाच्या दोन कपांच्या पैशांत मला खऱ्या निन्टेंडोत असते तीच आयसी मिळाली. सोबत ४०१०६ (सहा गेटांची आयसी), एक प्रीसेट (फिरवून कमीजास्त करायचा रेझिस्टर), रेझिस्टरचं एक नेटवर्क (एकाच पट्टीत अनेक रेझिस्टर), थोडे डायोड आणि बारीक इनॅमल्ड वायर. काकांनी विचारलं, “कॉलेजचा प्रोजेक्ट का?” माझ्या केसांकडे बघून त्यांनी हे विचारावं, यात त्यांचा मोठेपणा.

नव्या चिपला जागा कुठे? कव्हर आणि बोर्ड यांच्यामध्ये बोटभरही फट नाही, त्यामुळे झिरो पीसीबीवर (भोकाभोकांचा कोरा बोर्ड) आयसी बेस लावून वगैरे काही चालणार नव्हतं. शेवटी ४०२१ उताणी केली, पाय बाजूला पसरवून दाबले आणि डबल टेपने बोर्डाच्या मागे चिकटवली. मग थेंबाकडे जाणाऱ्या रेघा ब्लेडने तोडल्या. प्रत्येक रेघेवरचा हिरवट लेप खरवडून तांबं उघडं केलं आणि तिथून चिपच्या पायापर्यंत केसासारखी वायर. कार्बनवर सोल्डर धरत नाही, म्हणून तांबं शोधावंच लागतं. ए पहिल्या पायावर, बी पंधराव्यावर, सिलेक्ट चौदा, स्टार्ट तेरा. वर चार, खाली पाच, डावं सहा, उजवं सात. अकरावा पाय ग्राउंडला. सोल्डरिंग आयर्न पंचवीस वॉटचं, आणि टोक टेकवून लगेच उचलायचं, नाहीतर तपकिरी बोर्ड रुसतो.

खरी मेख रेझिस्टरमध्ये आहे, आणि इंटरनेटवरचे बहुतेक लोक ती वाऱ्यावर सोडतात. चिपचं प्रत्येक इनपुट रेझिस्टरने ५ व्होल्टला बांधायचं असतं. बटण दाबलं की कंगवा ते ग्राउंडला ओढतो. बांधलं नाही तर ते अधांतरी राहतं. नुसतं बोट जवळ नेलं तरी मारिओ आपोआप उड्या मारतो. बांधायला सगळे १० किलोओहम सुचवतात. नव्या गोळ्यांना ते ठीक आहे. पण झिजलेल्या गोळीचा स्वतःचा रोध हजारांत जातो. चिपला बटण दाबलंय असं खात्रीने वाटायला व्होल्टेज दीडच्या खाली यावं लागतं. १० किलोओहम लावले, तर गोळी साधारण ४ किलोओहमच्या पुढे गेली की भरवसा संपला. ४७ लावले, तर तीच गोळी २० किलोओहमपर्यंत चालते. एका रेझिस्टरच्या निवडीवर म्हाताऱ्या रबराला आणखी काही वर्षं मिळतात. मी ४७ चं नेटवर्क लावलं.

गोळ्या मी मल्टिमीटरने मोजल्या होत्या. सगळ्यांत वाईट अवस्था उजव्या बाणाची, आणि त्यात नवल नाही; त्या काळच्या गेममध्ये जग उजवीकडेच होतं. मारिओ उजवीकडे, काँट्रातले दोघे उजवीकडे. डावी गोळी जवळजवळ कोरी. दिशांचा पडदा उलटाही बसत होता, म्हणून तो फिरवून बसवला: डावीची उजवी झाली. हा इलाज मला सगळ्या कामात सर्वांत जास्त आवडला, कारण त्यात काहीच विकत घ्यावं लागलं नाही. लोक गोळीवर सिगारेटच्या पाकिटातली चांदी फेव्हिक्विकने चिकटवतात. टीव्हीच्या रिमोटला हा घरगुती उपाय पिढ्यानपिढ्या चालत आलाय आणि पहिले काही महिने झकास चालतो. पण चांदीची कड कार्बनचे कंगवे खरवडते, आणि कंगवे गेले की बोर्ड गेला. रबर कोमट साबणाच्या पाण्यात धुवायचं, कंगवे आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलकेच पुसायचे. पॉलिश पेपर लावायचा मोह टाळायचा.

टर्बोवर मी बराच विचार केला. अस्सल फॅमिकॉमच्या कंट्रोलरला टर्बो नव्हता. ४०२१ मध्येही तो नाही. तो थेंबाच्या पोटात होता आणि थेंबाबरोबर गेला. शुद्धता हवी असेल तर ही दोन बटणं मुकी ठेवायला हवीत. पण आमच्या घरातल्या निम्म्या भांडणांचं मूळ तेच होतं. “टर्बो लावायचा नाही!” ही घोषणा आईला स्वयंपाकघरात ऐकू जायची. तो नसलेला रिमोट मला ओळखूच आला नसता. म्हणून ४०१०६ चं एक गेट, एक कपॅसिटर आणि प्रीसेट घेऊन ठोक्यांचं छोटं सर्किट बांधलं; उरलेल्या पाच गेटांची इनपुट ग्राउंडला. टर्बोचं बटण आता ग्राउंडऐवजी या ठोक्यांकडे जातं. मधे डायोड, म्हणजे ठोका रेघेला फक्त खाली ओढू शकतो, आणि ए व टर्बो-ए एकदम दाबले तरी भांडण लागत नाही. वेग किती ठेवायचा यालाही मर्यादा आहे. मशीन सेकंदाला पन्नास वेळा बघतं. एकदा दाबलेलं आणि एकदा सोडलेलं दिसायला दोन वेळा बघावं लागतं. म्हणजे सेकंदाला पंचवीसच्या पुढे कितीही वेगाने बडवा, फायदा शून्य. उलट मधले ठोके हुकायला लागतात. मी प्रीसेट फिरवत फिरवत पंधराच्या आसपास आणला. तेव्हा असाच वाटायचा.

मग राहिलं ते भोक.

चिपचा तेरावा पाय स्टार्टच्या कंगव्याला मी जोडला होताच. वर कव्हर गुळगुळीत. ड्रिल हातात घेऊन मी किती तरी वेळ नुसती बसून राहिले. आतलं काम परत उलटवता येतं, कव्हरचं नाही. आणि इथे मला त्या चोखंदळ गृहस्थांचं म्हणणं पहिल्यांदा थोडं समजलं. वस्तू जशी आली तशी ठेवण्यात एक कागदपत्र जपल्यासारखं असतं. पुढच्या कुणाला तरी कळावं की दुसऱ्या खेळाडूला असं वागवत असत. मग म्हटलं, कागदपत्रं जपायला संग्रहालयं आहेत. हा माझा रिमोट आहे. पायलट म्हणून आधी बारीक ड्रिल, मग मोठं, मग कानसेने कड साफ. रबराची टोपी एका मेलेल्या टीव्ही रिमोटातून कापून घेतली. सिलेक्टला हात लावला नाही. सिलेक्ट दादाचा राहू दे.

एक सांगायला हवं: बटण जोडलं म्हणजे गेम ते ऐकेलच असं नाही. मशीनपर्यंत दुसऱ्या रिमोटचा स्टार्ट पोचतो, पण त्याकडे बघायचं की नाही हे गेम लिहिणाऱ्याच्या हातात. ज्यांनी दुसऱ्या खेळाडूला स्टार्ट नसतोच असं धरून गेम लिहिला, ते ढुंकूनही बघत नाहीत. माझ्या पिवळ्या कॅसेटमधल्या कित्येक गेमवर मी स्टार्ट दाबते आणि काही होत नाही. काहींवर होतं. कुठल्या, ते मी कॅसेटच्या मागे पेनाने लिहून ठेवलंय.

गणपतीत दादा आला. एक नंबरसाठी मी स्वस्तातला नवा रिमोट आणून ठेवला होता, तो त्याने न विचारता उचलला. भाचा सोफ्यावरून बघत होता. “आत्या, हे वायरलेस का नाही?” त्याला मी म्हटलं, बैस, सांगते नंतर. गेम मी निवडला, यादी बघून. दादा रंगात आला, पुलावरून उडी घेतली, पाय जमिनीला टेकायच्या आत मी स्टार्ट दाबला. पडदा थिजला. त्याने आधी स्वतःच्या रिमोटकडे पाहिलं, मग टीव्हीकडे, मग माझ्याकडे.

“पाणी पिऊन येते,” मी म्हटलं.

“ये. पण आल्यावर टर्बो लावायचा नाही हं.”